आरशावरचं टेकाड

...आणि वर मलाच म्हणतात, ‘काच ती काच, लेका!’ तुम्हाला सांगतो, दुर्बिणीचा आरसा घडवायचा तर ऊब लागली तरी न फुगणारी काच हवी, घसा फोडून सांगत होतो मी. पण आमचे मोहंदेस कियानफर, इस्फहानच्या आकाशनिरीक्षण मंडळाचे अध्यक्ष, जन्मभर सिमेंटचे पूल बांधलेले म्हणून ‘मोहंदेस’, म्हणजे इंजिनीअर, त्यांनी आणली दुकानाच्या खिडकीची जाड काच! नळी लाकडाचीच, ॲल्युमिनियम म्हणे ‘पातेल्यांना शोभतं’! माझ्यासारख्या कॉलेज सोडलेल्याचं कोण ऐकतं?... घासली. अख्खा हिवाळा घासली!

आज दुपारी आरशाला चकाकीचा मुलामा देणारा कारखाना बंद होणार तो नवरोझची, नववर्षाची सुट्टी उलटल्यावर उघडणार, आणि नवरोझलाच तर सगळे दुर्बिणी घेऊन वाळवंटात! त्यात मुलामावाला मोहंदेसांचा मेहुणा, यांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय आरसा घेत नाही. म्हणून आरशाचा घाट तपासून दाखवायला आमच्या घरच्या तळघरात अंधार केला, दिवा लावला, पातं मांडलं, पात्याआडून आरशावरची सावली बघितली... हवी तश्शी! टेकाड नाही, खळगा नाही! तोवर मोहंदेस आले, सोबत मंडळाचे सर्वांत जुने सभासद नुसरत आगा, दोघांच्या हातांत वाफाळता चहा. पेला ठेवला खाली, आणि तो तापलेला पंजा मोहंदेसांनी टेकवला कुठे? आरशावर! मधोमध!

‘आधी तुम्ही बघा, नुसरत आगा.’

‘छे छे, तुमच्या आधी मी? जीव गेला तरी नाही!’

‘माझ्या डोक्याची शपथ!’

‘मग माझं मेलेलं तोंड बघाल!’

अहो, पंजा! पंजा उचला आधी!... ऐकतंय कोण? शेवटी मोहंदेसच पात्याशी वाकले, आणि ओरडले, ‘टेकाड!’

‘ती तुमच्या हाताची ऊब आहे, मोहंदेस, निवू द्या, बसेल.’

‘ऊब? काच ती काच! भाकरी आहे का फुगायला? आणि वेळ कुठाय?’ असं म्हणून घासायची डांबराची चकती घेतली आणि स्वतः घासायला लागले, मधोमध, जोर लावून, आणि नुसरत आगा शेजारून, ‘वा, काय हात आहे!’ मी ओढतोय चकती, हे सोडेनात!

काच निवली. टेकाडाच्या जागी खड्डा. खड्डा कसला, विहीर! कारखाना बंद, नवरोझ गेला, हिवाळा पाण्यात. मोहंदेसांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, ‘काचेतच खोट होती, लेका. मी होतो म्हणून कळलं तरी!’

आता आमच्याकडे आभार मानायचे तर एकच वाक्य आहे, आणि आई दारातून डोळे वटारत होती. म्हटलं, ‘मोहंदेस, तुमचा हात कधी दुखू नये.’