शेवंतीच्या बाहुलीले सुई

माहं गाव रामपायलीपासून दोन कोस आतमंदी, ताई. रामाचं मंदिर आहे ना नदीकाठचं, तिथून पायी गेलं का दुपारपावतर पोचते मानूस. आमचे आजे-पंजे भंडाऱ्याकडून आलेले, धानाची शेती, घरात मराठी, बाजारात हिंदी, आन् भांडन लागलं का दोन्ही. चौदाव्या वर्षी माहं लगन झालं आन् सतराव्या वर्षी मी परत बापाच्या घरी, पांढरं कपाळ घेऊन. काय सांगू तुमाले, भावजय काई वाईट नव्हती, पन चुलीपाशी दोन बाया झाल्या का एक जास्तीची होतेच. भाऊ शहाना, त्यानं मले सातवी शिकवलं आन् नागपूरले नर्सबाईच्या शिक्षनाले धाडलं. तवा नागपूर आमचीच राजधानी होती. मी शिकून येतो येतो तं राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडं, बालाघाट इकडं, शिकली मी मराठीत आन् नोकरी लागली हिंदीत.

नोकरी परसवाड्याच्या रस्त्यावरच्या एका दवाखान्यात. दवाखाना म्हंजे काय, दोन खोल्या, पुढं पडवी, एक डॉक्टरसाहेब, एक कंपाउंडर आन् मी. काचेच्या पिचकाऱ्या रोज सकाळी स्टोव्हवर उकळाच्या, आन् सुया, आतासारख्या फेकाच्या नव्हत्या बरं, तेच ते वापरून बोथट होत, मंग मी पडवीत बसून दगडावर घासून त्यायले धार लावो. तरी दुखेच. लहान लेकरायले तं किती दुखे हे मले काय ठाव, मी सोता तं कधी टोचूनच घेतलं नव्हतं, दरसाली हैज्याची, म्हंजे पटकीची, सुई आली का मी काई ना काई काम काढून सटको. हासू नका, खरं सांगून राह्यली.

माहं नाव शांता, पन त्या गावात ते कोनाले ठाव नव्हतं. मी सुईवाली बाई. लेकरू जेवत नसलं का माय म्हने, थांब, सुईवालीले बलावतो. झोपत नसलं तं सुईवाली. रडत असलं तं गुमान राय, नाई तं सुई टोचवीन. मी बाजारात भाजी घ्याले गेली का समोरून येनारं पोट्टं मायच्या लुगड्यात घुसे, नाई तं पये. मले सोताचं लेकरू नाई, ताई. मले लेकरायची लय हौस, आन् लेकरं मले पाहून पयत. याचं वाईट वाटे मले, लय वाईट वाटे, पन मी काई तसं दाखवनारी नव्हती. मी म्हनो, भेतेत तं भेऊ द्या, काम तं होते.

आन् कामात मी पक्की होती. मायनं हात धराचे, बापानं पाय धराचे, मी कमरेवर गुडघा ठेवो, गुमान पड, हालशील तं सुई तुटन, हाडात जाईन, असं दटावो आन् टोचून मोकळी. डॉक्टरसाहेब जबलपूरकडचे, हिंदीवाले, ते म्हनत बाई का हाथ मशीन है. मले त्याचा अभिमान वाटे, आता सांगाले लाज वाटते.

मंग शेवंती आली. एकसठ-बासठचं साल असन, धान पोटरीत आलं होतं. पाच वर्साची पोरगी, लाकडासारखी वाळलेली, आन् मानेले इथं, कानाच्या खाली, लिंबायेवढ्या गाठी. बाप किसन, कोसभरावरच्या गावचा कास्तकार, सायकलीच्या दांडीवर बसवून घेऊन आला. साहेबायनं पाह्यलं, म्हनले टीबी की गांठ है, नब्बे सुई लगेंगी, रोज एक, बीच में छोडा तो फिर मेरे हाथ में कुछ नहीं. नव्वद, ताई. तीन महिने. मी त्या पोरीच्या ढुंगनाकडं पाह्यलं, मुठीयेवढं मास नव्हतं तिथं.

पहिल्या दिवसापासून तमाशा. ती सायकलीवरून उतरल्या उतरल्या वरडे, खांबाले मिठी मारे, बाप सोडवे, कंपाउंडर पाय धरे, मी टोचो. घरी जाऊन जेवे नाई, रातची दचकून उठे. दहाव्या दिवशी ती माह्या मनगटाले चावली, हे पाहा, अजून डाग आहे. सुई कशीबशी दिली, पन घरी नेताना ती बापाच्या सायकलीवरून उडी मारून धानाच्या बांधीत घुसली, आन् गुडघाभर पान्यात लपून बसली ते अंधार पडेपावतर कोनाले सापडली नाई. अंगात ताप भरला. दुसऱ्या दिवशी किसन एकटाच आला, म्हने बाई, आता पुरे, तिची आजी म्हनते देवाच्या मनात असन तसं होईन, असं हाल करून पोरीले जगवाचं नाई आमाले.

मले माहीत होतं, सुई थांबली का पोरगी जाते. आधी एक झालतं तसं, अर्ध्यातून सोडलेलं लेकरू, मंग दोन वर्सांनी त्याची माय बाजारात भेटली तं कडेवर कोनी नव्हतं. मी किसनले म्हनलं, दादा, मले आठ दिवस दे. आजच घेऊन ये तिले, टोचाले नाई म्हन, अशीच आन. आठ दिवसांत ती सोताहून नाई आली तं तू मोकळा, मी बी मोकळी. असं तोंडानं म्हनलं खरं, पन काय करीन याचा मले पत्ता नव्हता. तो मनाचा चांगला, सायकल फिरवली आन् घेऊन आला.

मी आत पिचकाऱ्या उकळत होती, आन् पडवीतून मले माहाच आवाज आला. गुमान पड. हालशील तं सुई तुटन, हाडात जाईन. पकडो इसको, पैर पकडो, मी कंपाउंडरले म्हनतो तसं. डोकावून पाह्यलं तं शेवंती. मायच्या जुन्या लुगड्याची चिंध्यायची बाहुली पालथी पाडली होती, तिच्या पाठीवर गुडघा, हातात काडी, आन् तोंड असं वाकडं करून टोचून राह्यली, एकदा नाई, धा वेळा. अशी दिसो मी त्या लेकरायले? एवढी वाईट? मले रडू आलं, ताई, मी तिथंच दारात बसली.

मंग हळूच इचारलं, काहून टोचून राह्यली वं तिले? ती म्हने, ते रडते म्हून. मी म्हनलं, रडते म्हून सुई देतेत का? हौ, म्हने, आई म्हनते ना, रडशील तं सुई टोचवीन. आन् मंग माह्याकडं न पाह्यता म्हने, मी तं घरी कालपासून रडलीच नाई, तरी बाबा घेऊनच आला.

म्हंजे पाहा. आमी औषध देत होतो आन् ते लेकरू दहा दिवस शिक्षा भोगत होतं. गाठीचं तिले कोनी सांगतलंच नव्हतं, पाच वर्साच्या पोरीले काय सांगाचं म्हून. रडली म्हून सुई, सुई म्हून रडनं, सुटकाच नाई.

मी एक चिंधी घेतली, बाहुलीच्या मानेले गाठ बांधली, जशी शेवंतीले तशी. म्हनलं, पाह, हिले गाठ झाली, सुई त्या गाठीले वितळवाले आहे, रडन्याचं तिच्याशी काई देनंघेनं नाई. बाहुलीले रडू दे पोटभर, फक्त हालू देऊ नको. एक मोडकी पिचकारी होती, सुई नसलेली, ते तिले देली, कापूस देला, पान्याची वाटी देली. तिनं बाहुलीले टोचलं आन् सोताच बाहुलीचा आवाज काढून रडली, लय रडली, मले वाटलं थांबवावं, पन मी तोंड दाबून बसली. मंग ती म्हने, आता माह्या बाहुलीले पुस. मी पुसलं. मंग मले म्हने, आता तुले. मी हात पुढं केला. मले दुखते म्हनलं, तं ती म्हने रड मंग. त्या दिवशी शेवंतीले मी धरून नाई टोचलं. तिले म्हनलं, दुखन, खोटं नाई बोलत, पन तू म्हनशील टोच, तवाच टोचीन. पाव घंटा लागला. मंग बारीक आवाजात म्हने, टोच.

साहेब चिडले, बाहर लाइन लगी है और ये गुड्डे-गुडिया का खेल. मी म्हनलं, साहेब, मी तिले दवाखाना उघडाच्या आधी बलावीन, तुमचा टाइम नाई खानार. किसन बिचारा पहाटे तोंड अंधारातच निघे. रोज पयले बाहुलीले, मंग मले, मंग शेवंतीले. आठ दिवस झाले, पंधरा झाले, किसननं पुन्हा सोडाचं नावच नाई काढलं.

मधात मी एक चूक केली. कार्तिकात रामपायलीचा मेळा, मी दोन दिवसांची सुट्टी घेतली आन् कंपाउंडरले काईच समजावून नाई सांगतलं. त्यानं आपलं धरलं आन् टोचलं. मी परत आली तं शेवंती माह्याशी बोले ना, बाहुली टेबलावर टाकून खांबापाशी जाऊन बसली. सारं पान्यात गेलं असं वाटलं मले. तेवढ्यात साहेब बाहेर आले, मेळ्यावरून आलेल्या साऱ्यायले हैज्याची सुई घ्याची होती, आन् माह्याकडं पाहून म्हने, बाई, पहले तुम. मी सटकाले पाह्यलं, पन पोरगी पाहून राह्यली होती. मी बाही वर केली. सुई जवळ आली का हात मांगं ओढो माहा, डोयातून टपटप पानी. शेवंती उठली, आली, माही बोटं धरली, आन् म्हने, रडून घे, बाई, हात तेवढा हालवू नको. ताई, मले अशी सुई टोचली ना, मी वरडली. आन् ते पोरगी माह्या हातावर फू फू करून राह्यली. मंग सोताच टेबलावर पालथी झाली.

नव्वद पुरे झाले. गाठी बसल्या, अंगावर मास आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तं शेवंती पडवीत हजर, मांगं किसन, लाजून हासत. मी म्हनलं, संपल्या ना वं तुह्या? तं म्हने माह्या संपल्या, बाहुलीच्या दहा बाकी आहेत. खरंच होतं, बाहुलीची सुरू झालती अकराव्या दिवसापासून. दहा दिवस आनलं तिच्या बापानं, कोसभर सायकल हानत. साहेब सोता म्हनले, आने दो.

मंग मी साऱ्या लेकरायसाठी तसंच केलं. मोडक्या पिचकाऱ्यायचा डबा ठेवला पडवीत, बायायले सांगो, सुईचं भेव घालू नका, जे आहे ते सांगा. काई ऐकत, काई नाई ऐकत. मले बाजारात अजून काई लेकरं पाहून पयतेत, पन काई हात धरून भाजीवालीपावतर येतेत बी.

शेवंतीले वारासिवनीकडं देली. मांगच्या हिवाळ्यात माहेरी आलती तं आपल्या पोराले घेऊन दवाखान्यात आली, दीड वर्साचं, सुई देली तं लय वरडलं ते. मी कापसानं पुसून राह्यली आन् तोंडातून गेलं, रडून घे बापा, रडून घे. ती हासली. तिच्या मानेवर पाहाल तं आता बारीकशी रेघ आहे, सांगतल्याबिगर दिसत नाई.

माही नोकरी अजून तीन वर्सं आहे. मंग भावाच्या घरी जाईन, नाई तं इथंच राईन, पाहू. आधी लेकरू रडलं का मले राग ये, आता नाई येत. रडते म्हंजे जितं आहे ना. तुमच्या घरची लेकरं बी अशीच रडोत, ताई, मोठ्यानं, आन् मोठी होवोत.