नळीचं तोंड

...नाही नाही, हसू नका, खोकतोय मी, थट्टा नाही ही! तुम्हाला सांगतो, या बहगत शिंप्यानं हुक्का सोडला होता, कायमचा! डॉक्टरीणबाईंनी माझा एक्स-रे उजेडात धरला नि म्हणाल्या, "काका, ही फुप्फुसं आहेत की कहवाखान्याचं छत?" सोडला! आमच्या पोराच्या, इमादच्या आईनं तर घरच्या हुक्क्याच्या काचेच्या भांड्यात पुदिना लावून टाकला.

पण आमच्या इमादला मुलगी कुणाची आवडावी? हाजी मितवल्लींची नगवा! आणि हाजी लग्नाची बोलणी कुठं करणार? घरी? छे! कहवाखान्यात, तिसऱ्या प्रहरची नमाज झाली की, हुक्का मध्ये ठेवून! दोन झुरके मारले नि नळी माझ्यापुढे, "घ्या, बहगत!" आता तुम्हीच सांगा, नाही कसं म्हणायचं? पोरगं चौतीस वर्षांचं झालेलं!

घेतली, ओढली... सहा महिन्यांनी! डोळ्यांपुढे काजवे, खोकल्याची उबळ, आणि त्या गडबडीत नळी परत देताना दुमडायचीच राहिली... तोंड थेट हाजींकडे! अहो, असं रोखून देतात का कुणी? शेंबडं पोरही तोंड आपल्याकडे वळवून देतं! हाजी ताडकन उठले, "माझ्यावर नळी रोखता? चाळीस वर्षं बसतोय मी इथं!" आणि गेले! इमादनं जेवण सोडलं. आणि त्याची आई? "लाज आणलीत! एक नळी धड देता येत नाही तुम्हाला!" घ्या! पुदिना कुणी लावला होता हो?

शेवटी मोहल्ल्यातल्या मोठ्यांनी समेट घडवला. आणि समेट कशावर? हुक्क्यावरच! या खेपेला मी नळी अशी दुमडली, अशी दुमडली, की हाजींनी माझ्या पालथ्या हातावर दोन बोटं टेकवली, म्हणजे मान राखलात, आभार! पोरगी दिली! मी रडलो हो तिथंच. तर म्हणतात, "आता रोज यायचं हं, व्याही!" तुम्हीच सांगा, नाही कसं म्हणायचं?

लग्नाला वर्ष झालं. पोरं गेली पोर्ट सईदला, समुद्राची हवा खातायत, आणि मी इथं रोज धूर खातोय. तर काल हाजींना अशी ढास लागली, अशी लागली, मला वाटलं आता काही खरं नाही... जरा दम घेऊन माझ्या कानाशी आले, "व्याही, मला डॉक्टरांनी गेल्या वर्षीच बंद करायला सांगितलंय. पण तुमचं मन कसं मोडायचं?"

म्हटलं, सुटलो! "हाजी, मग सोडू या का?"

"सोडू या की! आधी तुम्ही."

"छे, तुम्ही वडीलधारे. आधी तुम्ही."

"असं कसं? तुम्ही मुलाकडचे!"

"नाही नाही, तुम्ही..."

"अहो, तुम्ही..."

...आणि या नादात निखारे विझत आले. मग काय करणार? नवे मागवले.