सत्कारमूर्तीकडची किल्ली

दवाखान्याच्या बाकावर मी नंबरची वाट पाहत होते. शेजारच्या हॉलच्या बंद दारापाशी, हार घेऊन, दोघीजणी उभ्या होत्या.

"किल्ली कुणाकडे आहे?"

"ताईंकडे. तीस वर्षं त्यांच्याकडेच असते. माझ्या आईला सही करायला त्यांनी इथेच शिकवलं."

"अगं, पण सत्कार त्यांचाच आहे ना? त्यांना पत्ता लागू द्यायचा नव्हता."

"नाहीच लागला. मागच्या वेळी कळलं, तर आतून कडी लावून बसल्या होत्या. म्हणून मी फोनवर थाप मारली. म्हटलं, ब्लडप्रेशर तपासायचं शिबिर आहे, तेवढं दार उघडून द्या."

"शिबिर? दुसरं काही सुचलं नाही?"

"दुसऱ्या कशाला धावत आल्या असत्या का?"

"आल्या बघ. पण मागे एवढी माणसं कोण?"

"अगंबाई. गल्लीतले सगळे म्हातारे गोळा करून आणलेत. एकाला तर खुर्चीसकट उचलून आणलंय."

"आता गं?"

"आता काय, हार ठेव खाली आणि डॉक्टरांना विचार, तासभर येता का म्हणून."

"आणि सत्कार?"

"शेवटच्या म्हाताऱ्याचं तपासून झालं की. त्याआधी त्या खाली बसायच्या नाहीत."