पाठमोऱ्या माणसाचा आवाज

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि कोमाक्योचे नगराध्यक्ष श्रीयुत फोल्येगाती, चर्चचं हे थिएटर एका संध्याकाळपुरतं आम्हा सिनेमावाल्या पाप्यांच्या हवाली करणारे फादर साव्हेरिओ, सत्कारमूर्ती एराल्दो स्कार्पेली, आणि खुर्च्या संपल्यावर घरून स्टुलं घेऊन आलेल्या रसिक बंधुभगिनींनो,

सत्काराकडे वळण्याआधी एक गंभीर तक्रार नोंदवतो. ज्या माणसाला भाषण करायचं आहे त्याच्यासमोर फसफसणाऱ्या पाण्याची बाटली ठेवणं, याला काय म्हणावं? मी संयोजकांकडे साधं पाणी मागितलं. ते म्हणाले, "साधं तर नळाला येतं. रोमच्या पाहुण्याला ते कसं द्यायचं?" तेव्हा बोलताबोलता मी मध्येच थांबलो, छातीवर हात ठेवला, डोळे मिटले, तर आपण तो भावनेचा उमाळा समजावा ही विनंती. खरं कारण नगरपालिकेला माहीत आहे.

आता एराल्दो. थोड्याच वेळात या सभागृहातले दिवे जातील आणि त्याचा तो चित्रपट आपण पाहाल, ज्याला परदेशात बक्षीस मिळालं आणि ज्यासाठी आज बाहेर चौकात एवढी गर्दी झाली आहे की ईल मासे भाजणाऱ्यांनी शेगड्या गल्लीत हलवल्या. मी स्वतः हा चित्रपट इतक्या वेळा पाहिला आहे की त्याचा वीट यायला हवा होता. तरी आजच्या खेळाची मला धास्ती आहे. एराल्दोकडे पाहा. सत्काराची शाल त्यानं पांघरली नाही, दोन्ही हातांनी आवळून धरली आहे.

मी त्याचा संवादलेखक. आमचा धंदा कसा चालतो ते परक्या देशातल्या लोकांना सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं. आमच्याकडे चित्रण चालू असताना आवाज घेतच नाहीत. कॅमेरा फिरत असतो, दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून ओरडत असतो, "डावीकडे बघ, आता रड, अगं रड की." सुतार ठोकाठोकी करत असतात. नट तोंडाला येईल ते बोलतात. संवाद पाठ नसेल तर आकडे म्हणतात. एक, दोन, तीन, चार, डोळ्यांत पाणी. मग सगळं संपल्यावर आम्ही एका अंधाऱ्या खोलीत बसतो, मी त्या हलणाऱ्या ओठांवर बसतील अशी वाक्यं शोधतो आणि दुसरीच माणसं ती वाक्यं बोलतात. पडद्यावर दिसणारा जीव एकाचा आणि गळा दुसऱ्याचा. लग्नातही पुष्कळदा असंच असतं म्हणा.

चित्रपटाची गोष्ट फोडत नाही. एवढंच सांगतो की एक दिग्दर्शक आहे, त्याला पुढचा चित्रपट सुचत नाही, म्हणून तो हंगाम संपलेल्या एका समुद्रकाठच्या हॉटेलात जाऊन बसतो आणि ज्यांना ज्यांना त्यानं दुखावलं ते सगळे एकेक करून त्याच्या नाश्त्याच्या टेबलाशी येऊन बसतात. हा दिग्दर्शक म्हणजे कोण, हे ओळखायला आपल्याला त्रास पडू नये म्हणून एराल्दोनं त्याला आपलीच टोपी घातली आहे. मात्र नट निवडताना स्वतःहून वीतभर उंच आणि भरपूर केसांचा निवडला. आत्मपरीक्षण करायचं तर निदान दिसायला तरी बरं असावं, असं त्याचं मत.

शेवटच्या दृश्यात त्या दिग्दर्शकाची बायको कालव्यावरच्या पुलावर येते. तो कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा असतो, तिचा चेहरा पडदाभर. संहितेप्रमाणे ती म्हणते, "मी तुला केव्हाच माफ केलंय. चल घरी." बस. संपलं. हे वाक्य एराल्दोनं स्वतः लिहून माझ्या हातात दिलं होतं. "यातला शब्द बदलायचा नाही," म्हणाला. चित्रपटभर माझ्या शब्दांची चाळण करणारा माणूस. मी काय ते समजलो.

बायकोचं काम केलं होतं माइया नावाच्या फिनलंडच्या नटीनं. तिला आपल्या भाषेचा गंध नाही. त्या पुलावर तिनं स्वतःच्या भाषेत आकडे म्हटले, आणि फिनलंडचे आकडे इतके लांबलचक की एराल्दोचं वाक्य संपलं तरी बाईंचे ओठ आपले हलतच आहेत. मी वैतागलो होतो. तिथे भरायला शब्द कुठून आणायचे?

आणि माइयाला आवाज द्यायला कोण यावं? निर्मिती व्यवस्थापकानं त्याच्या परीनं चोख काम केलं होतं. रोममधला उत्तम आवाज पाहिजे, म्हणून उत्तम आवाज बोलावला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. दार उघडलं आणि ओंदिनाबाई आत आल्या.

आपण त्यांना ओळखता. त्या इथल्याच. नाव ऐकलं नसेल त्यांनीही आवाज हजारदा ऐकला आहे. निम्म्या परदेशी नट्या आपल्या देशात याच बाईंच्या गळ्यातून प्रेम करतात. रोममध्ये त्या खाटकाकडे अर्धा किलो खिमा मागतात तेव्हा मागचे दोघे तिघे टोप्या काढतात. आणि त्या एके काळच्या सौ. स्कार्पेली. त्यांचे वडील अम्लेतोकाका. ती वर मागे खिडकी दिसते ना, जिथून थोड्या वेळानं प्रकाश येईल, तिथे त्यांनी आयुष्यभर यंत्र चालवलं. एराल्दोला सिनेमाचं वेड लावलं तेही त्यांनीच, आणि मुलगीही दिली.

काका शेवटचे दिवस मोजत होते तेव्हा रोज विचारायचे, "एराल्दो आला का?" तारा जात होत्या. एराल्दो रोममध्ये एका विनोदी चित्रपटासाठी म्हाताऱ्याच्या मरणाचं दृश्य घेत होता. नट काही केल्या नीट मरेना. एराल्दो म्हणाला, उद्या निघतो. दुसऱ्या दिवशीही तो नट नीट मरेना. इकडे काका पहिल्याच प्रयत्नात गेले. अंत्यविधीला एराल्दोकडून हार आला, तोही सेटवरचा, कागदी फुलांचा. त्यानंतर ओंदिनाबाई त्याच्या घरी परत गेल्या नाहीत. हे या सभागृहात सगळ्यांना ठाऊक आहे. मी फक्त मोठ्यानं म्हणतो आहे, आणि बाईंची परवानगी घेऊन म्हणतो आहे. त्या म्हणाल्या, "सांगा. पण मला देवी करू नका."

तर ती खोली. आवाज देताना चित्रपटाचा तेवढाच तुकडा कापून त्याची टोकं जोडतात. तो गोल गोल फिरतो आणि तेच दृश्य पडद्यावर पुन्हापुन्हा येतं. पूल आला, माइयाचे ओठ हलले, संपलं. पुन्हा पूल. ओंदिनाबाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि हाताची घडी घातली. माइया तोंड हलवते आहे आणि खोलीत चकार शब्द नाही.

"कोणी लिहिलंय हे?" बाई म्हणाल्या.

काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीतून एराल्दो बोलला. "मी."

"कोणाच्या वतीनं?"

"पात्राच्या."

"बरं. पात्राचा बाप कधी वारला?"

पूल आला, गेला. आमचा ध्वनिमुद्रक नेव्हियो माझ्याकडे पाहतो आहे, मी छताकडे.

"ओंदिना, एक वाक्य आहे गं," एराल्दो म्हणाला. "तुला काय, तू रोज हजार वाक्यं बोलतेस."

"हजार बोलते, कारण ती खोटी असतात आणि मला ठाऊक असतं. हे तू खरं समजून डब्यात भरून ठेवणार. माफी हवी असेल तर माग ना. लिहून काय घेतोस? नवरा म्हणून आळशी होतासच, आता लेखक म्हणूनही?"

"आणि मागितली तर देशील?"

"ते आधी सांगितलं तर तू मागणार नाहीस. मला माहीत आहेस तू."

सांगा, अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? मी शहाणा माणूस, मी बाहेर जायला उठलो. नेव्हियोनं माझा कोट धरला. एराल्दो काचेच्या खोलीतून बाहेर आला, त्याला प्रचंड सर्दी झाली होती, आणि तो बाईंच्या शेजारी, त्याच मायक्रोफोनसमोर येऊन उभा राहिला. पडद्यावर पुन्हा पूल. त्याचा तो उंच नायक पाठमोरा. पाठमोऱ्या माणसाचे ओठ दिसत नाहीत, तो काहीही बोलू शकतो. संहितेत तिथे तो गप्प होता.

एराल्दो म्हणाला, "मला येता आलं असतं. चित्रण थांबवता आलं असतं. पण सेटवर सगळे माझं ऐकत होते आणि काकांच्या उशाशी मला नुसतंच बसून राहावं लागलं असतं. मला माफ कर."

पूल गेला. पुन्हा आला. तो तेच पुन्हा बोलला, शब्द थोडे कमी करून. आणि मग माइयाचे ओठ हलायला लागले, आणि ओंदिनाबाई बोलल्या. "बाबा दाराकडे बघत होते. मी त्यांना सांगितलं, एराल्दोच्या गाडीला उशीर झालाय. ते म्हणाले, मग थांबतो. इतकी वर्षं ते खोटं मी वागवलं. आता तू वागव."

फिनलंडच्या सगळ्या आकड्यांवर ते अक्षर न् अक्षर बसलं. शेवटच्या शब्दाला माइयानं तोंड मिटलं.

नेव्हियोनं यंत्र बंद केलं नव्हतं, ते चालूच होतं. कोणी त्याला बंद करायला सांगितलं नाही. बाईंनी चष्मा घातला, कोट घातला, एराल्दोला म्हणाल्या, "आल्याचा काढा घे," आणि गेल्या. एराल्दो तिथेच उभा. मी त्याला विचारलं, "लिहिलेलं वाक्य कुठे टाकायचं मग?" तो म्हणाला, "ते दृश्य आता असंच जाईल."

आणि ते तसंच गेलं. चित्रपटभर भारदस्त आवाजात बोलणारा नायक शेवटच्या दृश्यात अचानक चोंदलेल्या नाकानं बोलतो, हे आपल्या लक्षात येईलच. मिलानच्या एका समीक्षकानं त्याला 'अंतरात्म्याचा स्वर' असं म्हटलं आहे. अंतरात्मा वगैरे नाही हो, सर्दी होती. पण त्या सर्दीत मी या माणसाला पहिल्यांदा खरं बोलताना ऐकलं, आणि त्यासाठी त्याचा सत्कार व्हायला हवा, परदेशी बक्षिसासाठी नव्हे. नगरपालिकेच्या मोठ्या दालनाऐवजी आजचा कार्यक्रम याच थिएटरात, त्या खिडकीखाली व्हावा, हा हट्टही त्याचाच. या गावात, अम्लेतोकाकांच्या माणसांसमोर, आज तो चित्रपट प्रथमच लागतो आहे. बाईंनी त्याला माफ केलं का? मला माहीत नाही. त्यालाही माहीत नाही. त्या आज आल्या आहेत आणि तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, याहून जास्त मी सांगू शकत नाही.

अध्यक्षांचे, फादरांचे, ईल भाजणाऱ्यांचे आणि स्टुलं उचलून आणणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यानं कोणी दुखावलं असेल तर मी क्षमा मागतो. मागितली म्हणजे मिळतेच असं नाही, हे मी नुकतंच पाहिलं आहे, तरी मागतो.

दिवे जाण्याआधी एक किरकोळ काम उरलं आहे. आमच्या धंद्यात आवाजाचं नाव पडद्यावर येत नाही. संवादलेखकाचं येतं, आणि त्या शेवटच्या वाक्यांसाठी मला उत्कृष्ट संवादांचं चांदीचं पदक मिळालं. ते माझ्या कोटाच्या खिशात आहे. टाळ्या नकोत, कृपा करून. ओंदिनाबाई, तुम्ही उठू नका, मीच खाली येतो.