तुळशीरामचा सवाल

पासष्टची लढाई चालू होती. जबलपुरात रेशनच्या रांगेत माझ्यापुढे तत्त्वज्ञानाचे एक प्राध्यापक आणि तोफांच्या कारखान्यातला त्यांचा शेजारी उभे होते.

“सर, तुमच्या व्याख्यानाला किती लोक आले?”

“चार. त्यातला एक चौकीदार.”

“आमच्या तुळशीराम फिटरभोवती जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेर शंभर जमतात. रोज फक्त एक सवाल विचारते.”

“काही वाचलंय का त्यानं?”

“नाही जी. काल म्हणे, रेडिओवर सांगतात ते आपण खरं काहून मानतो?”

“हा प्रश्न माझा आहे! माझ्या व्याख्यानातला!”

“अच्छा, म्हणजे तो आला होता!”

“खाकीतला? ज्याला मी चौकीदार समजलो? तो तर मागं झोपला होता!”

“डोळे मिटून ऐकते तो.”

“प्रश्न माझा, आणि गर्दी त्याच्याकडे!”

“उद्या फाटकावर या ना, सर.”

“मी? काय म्हणून?”

“ऐकायला. पण लवकर या, नंतर जागा नाही राहत.”