डावीकडे चार

अरे, लाईट मोजताना आकडे मोठ्यानं बोलायची सवय मी का सोडली, ते सांगतो.

तळेगावच्या माझ्या स्टुडिओत वराळ्याच्या एक मावशी फोटो काढायला आल्या होत्या. सोबत सून होती. मी मावशींना स्टुलावर बसवलं, प्रकाश मोजायचं मीटर त्यांच्या हनुवटीजवळ धरलं आणि एकेक फ्लॅश उडवून मोजत गेलो.

"उजवीकडे आठ. डावीकडे चार."

मावशींचा चेहरा उतरला. हात डाव्या गालावर गेला.

"सुरेखा, रिक्षा बोलव. दवाखान्यात जाऊ."

मला काहीच कळेना. सून हळूच म्हणाली, "मागच्या वर्षी त्यांना लकवा येऊन गेलाय. डाव्या बाजूलाच."

मी म्हणालो, "मावशी, हे माझ्या दिव्यांचं माप आहे. तुमच्या तोंडाचं नाही."

"मंग डावीकडं कमी का?"

"चेहऱ्यावर थोडी सावली हवी म्हणून मीच तो दिवा मंद ठेवलाय."

"नगं. दोनी सारखं कर."

दोन्ही सारखे केले की चेहरा सपाट दिसतो. पण त्यांच्याशी वाद घालायची माझी हिंमत नव्हती. डावा दिवा वाढवून मी पुन्हा मीटर धरलं. मावशींनी श्वास रोखून धरला होता.

"डावीकडे आठ."

तेव्हा कुठं त्या हसल्या आणि मी बटण दाबलं.

हसताना ओठाचा डावा कोपरा जरा मागं राहिला होता. मी कॅमेऱ्याची स्क्रीन त्यांच्यासमोर धरली. मावशींनी त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

मग सुनेला म्हणाल्या, "अगं, ही तर मीच हाय."