सोजरबाईनं भंडारा उचलला

टाळ जरा आवरा. बुवा, मृदंगावरचा हातही थांबवा. गजर होईलच, आज आधी प्रश्न आहे. मंडळी, ऐका! देवाला साक्षी ठेवून चोराला वचन दिलं — ते पाळायचं की मोडायचं? हं? बोला की! पुढच्या रांगेत तात्या मान हलवताहेत. हो म्हणताहेत की नाही, ते त्यांनाही ठाऊक नाही. असू द्या. गोष्ट ऐका, मग बोला.

गाव आंबेवाडी. कुठं आहे ते विचारू नका, तुमच्या गावासारखंच आहे. खंडेरायाचं देऊळ, देवळापुढं पार आणि पारावर बसून दिल्लीचं राज्य चालवणारी रिकामटेकडी माणसं. त्या गावात खडीचा क्रशर होता. मालक जालिंदर आबा. सुरुंग लावून डोंगर फोडायचा, खडी विकायची. आता सुरुंग उडवायच्या आधी भोंगा वाजवावा लागतो, माणसं लांब व्हावीत म्हणून. आबाचा भोंगा बिघडलेला. दुरुस्त करतो कोण? एक दिवस शिदू नावाचा गडी डोंगराच्या पायथ्याला शेळ्या वळत होता. भोंगा नाही, हाक नाही — आणि सुरुंग उडाला! शेळ्या घरी आल्या मंडळी. शिदू आला नाही.

त्याची बायको सोजरबाई. पदरात एक लेक. बाईनं धीर केला, फिर्याद दिली. आबाची माणसं म्हणाली, भोंगा वाजला होता, शिदूच पिऊन पडला होता. अहो, त्या माणसाच्या गळ्यात तुळशीची माळ होती! चहासुद्धा कमी प्यायचा तो. तहसीलदारानं ग्रामपंचायतीकडं अहवाल मागितला, खरं काय ते कळवा म्हणून. आणि नेमकी तेव्हाच निवडणूक लागली. म्हणजे नवा सरपंच तो अहवाल देणार. कळतंय का? सोजरबाईचा न्याय त्या एका खुर्चीवर येऊन बसला.

उभे कोण राहिले? एक तर आबाच. लाज होती थोडी, तीही त्यानं क्रशरमध्ये घातली. आणि दुसरा सिकंदर मुलाणी. या सिकंदरनं गावात दूध डेअरी काढली. आधी बाया आबाच्या क्रशरवर दगड फोडायच्या. डेअरी आली, दारात म्हशी आल्या, दुधाचा पैसा बाईच्या स्वतःच्या खात्यात जायला लागला. पोरी तालुक्याला कॉलेजात गेल्या. याला म्हणतात प्रगती! आणि हा सिकंदर चावडीसमोर उभा राहून म्हणाला होता, मी निवडून आलो तर अहवालात खरं तेच जाईल, भोंगा वाजलेला नाही.

मग आबानं काय करावं? कामावर मत मागायचं तर काम दाखवावं लागतं. त्यानं देवळाला कळस बोलला. देवाला कळस, आणि तुमच्या घरात पाण्याची कळशी रिकामी! मग बायकांना देवळात हळदीकुंकवाला बोलावलं. दारावर उभं राहून हळूच सांगायला लोक होतेच — आपल्या गावावर मुलाण्यानं राज्य करायचं का? गाभाऱ्यात देव कोण? खंडेराया! बाणाईसाठी धनगरवाड्यात जाऊन मेंढरं राखणारा. त्यानं जात विचारली का? मुसलमान त्याला मल्लूखान म्हणून हात जोडतात, त्यानं कधी त्यांना हाकललं का? देवाला नाही अडचण, अडचण आबाला!

हळदीकुंकू झालं, ओट्या भरल्या. आणि मग दरवाजा लोटून ताट फिरलं, बेलाचं आणि भंडाऱ्याचं. उचला म्हणाले, लेकराची आण घ्या, मत आबाला. आता बेलभंडार म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगावं? उचलला की जीव गेला तरी शब्द फिरत नाही. ताट सोजरबाईपुढं आलं. सगळ्या बाया बघताहेत, समोर देव उभा आहे. नाही कशी म्हणेल ती? तिनं भंडारा उचलला. लेकीचं नाव घेऊन उचलला.

दुसऱ्या दिवशी ती सिकंदरच्या डेअरीवर गेली. रडत रडत सगळं सांगितलं, ही शपथ मोडू का म्हणाली. त्यानं काय सांगायला हवं होतं? बाई, देव चोराचा जामीन राहत नाही, अशी शपथ बांधत नाही. शहाणा माणूस, एवढं त्याला कळत होतं. पण तो म्हणाला, "वहिनी, शेजारच्या अण्णानं शपथ मोड म्हणून सांगितलं तर तो सल्ला होईल. मी सांगितलं तर मुलाण्यानं देव बाटवला असं होईल. माझ्या तोंडून ते वदवू नका."

बघा, कशी वेळ आणली त्या माणसावर! आणि शेजारचे अण्णा कुठं होते? पुजारी कुठं होते? आमच्यासारखे माळकरी, टाळकरी, सप्ताहाच्या पंगतीत तूप मागणारे कुठं होते? एकानं जरी सांगितलं असतं, तरी ती बाई सुटली असती. सगळे घरात बसले.

मतदानाला सोजरबाई यंत्रापुढं उभी राहिली. आडोसा होता, बघणारं कोणी नव्हतं. तिला शिदू आठवला, मग लेक आठवली. लेकीला काही झालं तर? तिनं आबाचं बटण दाबलं. घरी येऊन चूल पेटवली नाही.

आबा सरपंच झाला. ग्रामसभेत अहवाल वाचला — भोंगा वाजला होता, मयत नशेत होता. सोजरबाई उठली. म्हणाली, "आबा, देवळात चला आणि हेच खंडेरायासमोर म्हणा."

आबा चिडला नाही. अगदी गोड आवाजात म्हणाला, "वहिनी, तुम्ही मला देवासमोरच तर निवडलंय. आता पुन्हा कशाला त्याला तसदी?"

बाई खाली बसली. सभा भरलेली होती, पण कोणी तोंड उघडलं नाही. कोण उघडणार? ज्याच्या त्याच्या घरातल्या बाईच्या बोटाला भंडारा लागलेला. पुढं आबानं सरपंचकीच्या जोरावर सिकंदरची डेअरी मेव्हण्याच्या हातात दिली आणि ती वर्षाच्या आत बुडाली. म्हशी विकल्या गेल्या. आज सोजरबाई क्रशरवर दगड फोडते — ज्या डोंगरानं नवरा खाल्ला, त्याच डोंगराचे. कळस मात्र झाला हं! लांबून चांगला चमकतो.

आता प्रश्नाचं उत्तर द्या! गप्प का? मग मीच देतो. चोरानं देवाच्या आडून घेतलेली शपथ मोडली तर पाप नाही. ती पाळून एका बाईचा न्याय मारला, हे पाप. आणि ते एकट्या सोजरबाईचं नाही, गप्प बसलेल्या सगळ्यांचं आहे.

तुमच्याही गावात निवडणूक आलीय. मंडपाच्या दारातला फलक पाहिलात ना? देव केवढा छापलाय आणि दुसरे हात जोडलेले कोण, केवढे छापलेत? मला निमंत्रण त्यांचंच. मघाशी गाभाऱ्याशेजारी एक ताट कापडानं झाकलेलं दिसलं. मला सांगितलंय, कीर्तन संपलं की महाराज, माणसं जरा बसवून ठेवा. मी बसवणार नाही. पुढच्या सप्ताहाला मला नाही बोलावलं तरी चालेल.

देवाला नमस्कार करा आणि सरळ घरी जा. तुमच्यातली सोजरबाई कोण होणार, ते मला ठाऊक नाही. पण तुमचा आबा कोण आहे, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.